हान्स केल्सन : विधिपंडित ते घटना न्यायालयाचे न्यायाधीश

प्रस्तावना

विधी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात हान्स केल्सन हे नाव 'विधिशास्त्र' या विषयातील एका प्रकरणापुरते भेटते. शुद्ध विधिसिद्धान्त, मूलभूत नियम म्हणजेच 'ग्रुंडनॉर्म', नियमांची उतरंड आणि त्यांवरील चार-पाच ठरलेले आक्षेप एवढे लिहिले की परीक्षेचे उत्तर पूर्ण होते. राज्यशास्त्राच्या वर्गात तेवढेही होत नाही. परिणामी केल्सन हे ग्रंथालयात बसून तर्काची जुळणी करणारे, प्रत्यक्ष राजकारणाचा वारा न लागलेले पंडित होते असा समज दृढ झालेला आढळतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. केल्सन यांनी ऑस्ट्रियाच्या १९२० च्या राज्यघटनेचा मसुदा तयार करण्यात प्रमुख वाटा उचलला, त्या घटनेत स्वतंत्र घटना न्यायालयाची तरतूद घडवून आणली, त्या न्यायालयात सुमारे अकरा वर्षे न्यायाधीश म्हणून काम केले आणि १९३० साली एका घटनादुरुस्तीमुळे ते त्या पदावरून दूर झाले. न्यायाधीशाला पदावरून घालविणारी ती दुरुस्ती रीतसर बहुमताने, घटनेत सांगितलेल्या पद्धतीने झाली होती. केल्सन यांच्याच सिद्धान्ताच्या कसोटीवर ती वैध ठरत होती. प्रस्तुत लेखात त्यांच्या या न्यायिक कारकिर्दीचा, तिच्यामागील विचाराचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पेचाचा परामर्श घेतला आहे.

जडणघडण

केल्सन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी प्राग येथे एका जर्मनभाषक ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या बालपणीच कुटुंब व्हिएन्नात आले. वडिलांचा दिव्यांचा व्यवसाय होता आणि परिस्थिती बेताची होती. शालेय वयात त्यांचा ओढा तत्त्वज्ञान, साहित्य व गणिताकडे होता. कायद्याकडे ते काहीशा अनिच्छेनेच वळले. १९०५ साली त्यांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला तो कवी दान्ते याच्या राज्यविषयक विचारावर. त्याच वर्षी त्यांनी कॅथलिक पंथाचा स्वीकार केला. विद्यापीठीय नोकरीच्या वाटेत धर्म आड येऊ नये हा त्यामागील हेतू होता. तो हेतू साधला नाही, हे पुढील घटनांवरून दिसतेच. १९०६ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट, त्यानंतर हायडेलबर्ग येथे गेओर्ग येलिनेक यांच्याकडे काही काळ अध्ययन आणि १९११ मध्ये राज्यविषयक कायद्याच्या मुख्य समस्यांवरील मोठा प्रबंध, असा त्यांचा क्रम राहिला. या प्रबंधाने त्यांना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला, पण पगाराची जागा मिळाली नाही. काही वर्षे व्यापारविषयक शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत शिकवून त्यांनी चरितार्थ चालविला.

या प्रबंधातील मध्यवर्ती मुद्दा असा की, 'आहे' आणि 'असावे' ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत. लोक प्रत्यक्षात कसे वागतात हे समाजशास्त्र सांगेल. काय न्याय्य आहे हे नीतिशास्त्र सांगेल. कायद्याच्या शास्त्राने मात्र कायदा म्हणून काय वैध आहे एवढ्याच प्रश्नाला उत्तर द्यावे. पुढे आडोल्फ मेर्कल या त्यांच्या शिष्याने या विचारात एक महत्त्वाची भर घातली. कायद्याच्या नियमांची रचना पायऱ्यांसारखी असते. वरच्या पायरीवरील नियम खालच्या नियमाला जन्म देतो. घटनेतून अधिनियम, अधिनियमातून शासकीय आदेश, आदेशातून वैयक्तिक निर्णय. केल्सन यांनी हा विचार शिष्याचे ऋण मान्य करून स्वीकारला. वर्गात शिकविताना या 'उतरंडी'ची आकृती फळ्यावर काढली जाते. पण तिच्यातून निघणारा व्यावहारिक प्रश्न सहसा सांगितला जात नाही. खालची पायरी वरच्या पायरीशी विसंगत झाली तर ते ठरवायचे कोणी? घटना न्यायालयाची कल्पना या प्रश्नातून आली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात केल्सन लष्करी सेवेत होते आणि अखेरीस युद्धमंत्र्यांचे कायदेविषयक सल्लागार झाले. साम्राज्य कोसळताना त्यांनी ते आतून पाहिले. १९१८ मध्ये सहयोगी आणि १९१९ मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक झाले. त्यांच्या घरी भरणाऱ्या खासगी चर्चासत्रात कायद्याबरोबर तत्त्वज्ञान व अर्थशास्त्रातील तरुण अभ्यासकही येत असत.

नवी घटना, नवे न्यायालय

साम्राज्याच्या जागी उभ्या राहिलेल्या लहानशा ऑस्ट्रियन प्रजासत्ताकाचे चॅन्सेलर कार्ल रेनर यांनी घटनेच्या मसुद्याचे काम केल्सन यांच्याकडे सोपविले. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला बलवान केंद्र हवे होते. ग्रामीण भागांत जोर असलेल्या ख्रिश्चन सोशल पक्षाला घटकराज्यांची स्वायत्तता हवी होती. केल्सन यांनी वेगवेगळ्या राजकीय शक्यता धरून एकाहून अधिक मसुदे तयार केले. घटना समितीने १ ऑक्टोबर १९२० रोजी घटना संमत केली. मूलभूत हक्कांवर दोन्ही पक्षांचे एकमत होऊ शकले नाही, म्हणून १८६७ सालचा साम्राज्यकाळातील हक्कांचा कायदा तसाच पुढे चालू ठेवण्यात आला. नव्या प्रजासत्ताकाने नागरिकांचे हक्क जुन्या सम्राटाच्या कायद्यातून घ्यावेत ही विसंगती अनेकांना खटकली. केल्सन यांना ती फारशी खटकलेली दिसत नाही. घटनेत भारदस्त शब्दांपेक्षा कार्यपद्धतीला महत्त्व असते असे त्यांचे मत होते.

घटना न्यायालयाचा पाया १९१९ मध्येच घातला गेला होता. साम्राज्यकाळात नागरिकांच्या तक्रारी ऐकणारे 'राइश्सगेरिश्ट' हे न्यायालय होते, परंतु संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्याच्या जागी आलेल्या न्यायालयाचे सदस्य म्हणून केल्सन १९१९ पासूनच काम पाहू लागले. १९२० च्या घटनेने या न्यायालयाला कायदा रद्द करण्याचा अधिकार दिला. शेजारच्या चेकोस्लोव्हाकियाच्या घटनेत अशा न्यायालयाची तरतूद काही महिने आधी झाली होती, हे खरे. परंतु प्रत्यक्ष काम करून दाखविणारे आणि पुढे जगाने ज्याचे अनुकरण केले ते न्यायालय ऑस्ट्रियाचेच.

येथे अमेरिकन पद्धतीशी तुलना केल्यास केल्सन यांच्या योजनेचे वेगळेपण स्पष्ट होते. अमेरिकेत १८०३ सालच्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या निर्णयापासून कोणतेही न्यायालय समोरच्या खटल्यात घटनाविरोधी कायदा लागू करण्यास नकार देऊ शकते. वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय खालच्या न्यायालयांवर बंधनकारक असल्यामुळे तेथे गोंधळ होत नाही. मध्य युरोपातील न्यायालयांत पूर्वनिर्णयाचे असे बंधन नव्हते. प्रत्येक न्यायालयाला हा अधिकार दिला असता तर एकच कायदा एका गावी वैध आणि पलीकडच्या गावी अवैध ठरला असता. म्हणून केल्सन यांनी हा अधिकार एकाच न्यायालयाकडे एकवटला. या न्यायालयाने कायदा घटनाविरोधी ठरविला की तो सर्वांसाठी संपुष्टात येई, पण सर्वसाधारणपणे निर्णयाच्या प्रसिद्धीपासून पुढे. तो मुळातच अस्तित्वात नव्हता असे मानले जात नसे. संसदेला नवा कायदा करण्यास सवड मिळावी म्हणून न्यायालय ठरावीक मुदतही देऊ शके. केल्सन या न्यायालयाला 'नकारात्मक विधिमंडळ' म्हणत. संसद कायदा निर्माण करते, हे न्यायालय तो पुसून टाकते. दोन्ही कृतींचे स्वरूप एकच, चिन्ह तेवढे उलटे.

कायद्याला आव्हान कोणी द्यावे, याबाबतची तरतूद सुरुवातीला अरुंद होती. संघराज्य सरकारने घटकराज्याच्या कायद्याला आणि घटकराज्य सरकारने संघराज्याच्या कायद्याला आव्हान द्यावे, एवढीच सोय होती. सामान्य नागरिकाला कायद्याविरुद्ध थेट दाद मागता येत नव्हती. परंतु समोर आलेल्या एखाद्या प्रकरणात जो कायदा लावायचा त्याच्या वैधतेबद्दल न्यायालयाला स्वतःलाच शंका आली, तर त्याने आपण होऊन तपासणी करावी अशी एक लहानशी तरतूद घटनेत होती. हीच फट पुढे दरवाजाएवढी झाली.

न्यायाधीशांची निवड संसदेकडे होती. अध्यक्ष, उपाध्यक्ष व निम्मे सदस्य कनिष्ठ सभागृहाने आणि उरलेले निम्मे वरिष्ठ सभागृहाने निवडायचे; मुदत आयुष्यभराची. व्यवहारात पक्षांनी जागा आपसांत वाटून घेतल्या. केल्सन हे कोणत्याच पक्षाचे सदस्य नव्हते. १९२१ मध्ये त्यांची निवड झाली ती पक्षांच्या परस्पर संमतीने, तटस्थ तज्ज्ञ म्हणून. प्रकरणांचा अभ्यास करून न्यायालयापुढे निर्णयाचा मसुदा ठेवणाऱ्या स्थायी सदस्यांत त्यांचा समावेश होता. विद्यापीठातील अध्यापन त्यांनी सोडले नाही. दोन्ही कामे ते बरोबरीने करीत राहिले.

विवाहांचे प्रकरण

केल्सन यांच्या न्यायिक कारकिर्दीचा कस ज्या वादात लागला तो वाद संघराज्याचा नव्हता, की एखाद्या मोठ्या राजकीय स्वातंत्र्याचाही नव्हता. तो घटस्फोट न मिळणाऱ्या माणसांचा होता.

ऑस्ट्रियाच्या १८११ च्या नागरी संहितेनुसार कॅथलिक व्यक्तींचा विवाह केवळ मृत्यूनेच संपुष्टात येई. पती-पत्नींना विभक्त राहण्याची परवानगी मिळे, पुनर्विवाहाची नाही. त्याच संहितेच्या ८३ व्या कलमात मात्र विवाहातील अडथळ्यांपासून महत्त्वाच्या कारणासाठी सूट देण्याचा अधिकार प्रशासनाला होता. पहिला विवाह कायम असणे हाही असा 'अडथळा' आहे काय आणि त्यापासूनही सूट देता येते काय, हा वादाचा मुद्दा. प्रजासत्ताक आल्यावर लोअर ऑस्ट्रियाचे प्रशासनप्रमुख, सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे आल्बर्ट सेव्हर यांनी अशी सूट सढळ हाताने देण्यास प्रारंभ केला. व्हिएन्ना शहर त्या वेळी या घटकराज्यातच होते. विभक्त होऊन वर्षे लोटलेल्या हजारो स्त्री-पुरुषांनी या परवान्याच्या आधारे नवे संसार मांडले. जनतेने या विवाहांना 'सेव्हर-विवाह' असे नाव दिले. ख्रिश्चन सोशल पक्षाच्या दृष्टीने हे राज्याने मान्य केलेले द्विभार्याविवाहच होते.

दिवाणी न्यायालयांनी आणि सर्वोच्च न्यायालयाने हे दुसरे विवाह अवैध ठरविण्यास सुरुवात केली. यातून विलक्षण परिस्थिती उद्भवली. राज्याचा एक अधिकारी लेखी परवानगी देई, त्या परवानगीवर विवाह होई, मुले जन्माला येत आणि काही वर्षांनी त्याच राज्याचे दुसरे अंग तो विवाह कधी झालाच नव्हता असे सांगे. ज्याने स्वतः अर्ज करून सूट मिळविली तोच पुरुष दुसऱ्या पत्नीला कंटाळल्यावर न्यायालयात जाऊन विवाह अवैध ठरवून घेऊ शके आणि तिच्या पोटगीच्या जबाबदारीतून मोकळा होऊ शके. कायद्याचा आधार घेऊन विवाह करणारी स्त्री उघड्यावर पडे आणि मुलांच्या औरसपणावर प्रश्नचिन्ह लागे.

हा प्रश्न घटना न्यायालयापुढे आला तो 'अधिकारक्षेत्राचा संघर्ष' या स्वरूपात. प्रशासन आणि न्यायालय या दोहोंपैकी कोणाचा शब्द अखेरचा, एवढेच ठरवायचे होते. घटना न्यायालयाने आधी हस्तक्षेप नाकारला होता. १९२७ च्या अखेरीस मात्र त्याने भूमिका बदलली. प्रशासनाने दिलेल्या सवलतीची वैधता तपासण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयांना नाही, असा निर्णय त्याने दिला. या भूमिकेमागे केल्सन यांचा प्रमुख पुढाकार होता.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. सूट देणे योग्य होते, असे केल्सन यांचे न्यायालय म्हणाले नाही. कॅथलिक विवाहसंस्था बरी की वाईट, यावरही त्याने मत दिले नाही. सक्षम अधिकाऱ्याने काढलेला आदेश चुकीचा असू शकतो. परंतु तो रद्द करण्याचा अधिकार ज्याच्याकडे सोपविला आहे त्याने रद्द करेपर्यंत तो आदेश आदेशच राहतो. 'मुळातच शून्य' असे कायद्यात जवळजवळ काही नसते; असते ते 'रद्द करता येण्याजोगे'. नियमांच्या उतरंडीचा हा सरळ निष्कर्ष होय. ज्या सिद्धान्तावर माणसांकडे पाठ फिरविल्याचा आरोप नेहमी होतो, त्याच सिद्धान्ताने या प्रकरणात हजारो संसारांना आश्रय दिला. शुद्ध विधिसिद्धान्त नैतिकदृष्ट्या बधिर आहे असे सांगणाऱ्या टीकाकारांनी या निर्णयाची दखल घ्यावयास हवी होती. ती क्वचितच घेतली गेली. अर्थात उलटही म्हणता येईल. तोच तर्क उद्या एखाद्या जुलमी परवान्यालाही तेवढाच आश्रय देईल. केल्सन यांनी ही शक्यता कधी नाकारली नाही.

निर्णयानंतर सनातनी वृत्तपत्रांनी केल्सन यांना व्यक्तिशः लक्ष्य केले. न्यायालयाचा निर्णय बहुमताचा असतो याचा जणू विसर पडला. त्यांच्या ज्यू कुळाचा उल्लेख होऊ लागला; कुटुंबव्यवस्थेचा नाश करणारा, बहुपत्नीकत्वाचा पुरस्कर्ता अशी विशेषणे त्यांना लावली गेली. १९२७ च्या जुलैमध्येच व्हिएन्नातील न्यायमंदिराची इमारत संतप्त जमावाने पेटविली होती आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे प्राण गेले होते. देश दोन छावण्यांत विभागला गेला होता. अशा वातावरणात तटस्थ न्यायाधीश दोन्हीकडून उघड्यावर असतो. विद्यापीठातही ज्यूविरोधी गटांमुळे त्यांना स्वास्थ्य राहिले नव्हते.

'राजकारणमुक्ती'ची घटनादुरुस्ती

१९२९ च्या सप्टेंबरमध्ये योहानेस शोबर यांचे सरकार आले आणि घटनादुरुस्तीची चर्चा सुरू झाली. या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढले. घटना न्यायालयाच्या बाबतीत सरकारचे म्हणणे असे होते की, पक्षांनी जागा वाटून घेतल्यामुळे न्यायालय राजकीय झाले आहे, ते राजकारणातून मुक्त केले पाहिजे. तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. संसदेने निवडलेल्या सदस्यांत पक्षांची माणसे होती. परंतु उपाय काय योजला गेला? अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सहा सदस्य अशा चौदापैकी आठ जागांची शिफारस यापुढे सरकार करणार आणि उरलेल्या सहा जागांसाठी संसदेची दोन्ही सभागृहे प्रत्येकी तीन नावे सुचविणार. म्हणजे पक्षांचा प्रभाव संपला नाही, सत्ताधारी पक्षाचा प्रभाव पक्का झाला. शिवाय आयुष्यभरासाठी निवडलेल्या सर्व विद्यमान न्यायाधीशांची मुदत १५ फेब्रुवारी १९३० रोजी संपुष्टात आली.

७ डिसेंबर १९२९ ची ही दुरुस्ती दोनतृतीयांश बहुमताने संमत झाली. एवढे बहुमत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या पाठिंब्याशिवाय शक्य नव्हते. इतर मागण्यांत सवलती मिळविण्यासाठी त्या पक्षाने न्यायालयाचा मुद्दा सोडून दिला. नंतर त्याच पक्षाने आपल्या वाट्याच्या जागेवर केल्सन यांचे नाव सुचविण्याची तयारी दर्शविली, पण केल्सन यांनी नकार दिला. पक्षाचा प्रतिनिधी म्हणून न्यायासनावर बसणे त्यांना मान्य नव्हते. वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांची न्यायिक कारकीर्द संपली. पुनर्रचित न्यायालयाने १९३० मध्येच सेव्हर-विवाहांबाबतची आधीची भूमिका सोडून दिली. हे विवाह अखेर कायदेशीर झाले ते १९३८ मध्ये, ऑस्ट्रिया नाझी जर्मनीने गिळंकृत केल्यावर आलेल्या विवाह कायद्याने. इतिहासाची अशी वळणे कोणत्याही सिद्धान्तात बसत नाहीत.

घटनेचा रक्षक कोण?

१९३० मध्ये केल्सन कोलोन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. शहराचे महापौर कोन्राड आडेनाउअर यांनी ही नेमणूक व्हावी म्हणून प्रयत्न केले होते. तेथे असतानाच कार्ल श्मिट यांच्याशी त्यांचा प्रसिद्ध वाद झाला. घटनेचे खरे रक्षण राष्ट्राची एकता ज्याच्या ठायी मूर्त होते तो राष्ट्राध्यक्षच करू शकतो, न्यायालय नव्हे, असे श्मिट यांचे प्रतिपादन होते. केल्सन यांनी १९३१ मध्ये त्यास उत्तर दिले. घटनेचा भंग होण्याची सर्वाधिक शक्यता ज्यांच्याकडून असते त्यांत संसदेबरोबर सरकारही येते. मग सरकारच्या प्रमुखांपैकीच एकाला रक्षक नेमणे म्हणजे आपल्याच दाव्यात आपणच न्यायाधीश होणे नव्हे काय? हा युक्तिवाद करणारा माणूस वर्षभरापूर्वीच सरकारने केलेल्या पुनर्रचनेमुळे पद गमावून आला होता, हे ध्यानात ठेवून तो लेख वाचला पाहिजे. मात्र लेखात त्या कटू अनुभवाचा सूर उमटू दिलेला नाही.

घटना न्यायालयाच्या मर्यादांबद्दलही केल्सन तेवढेच सावध होते. १९२८ मध्ये मांडलेल्या विवेचनात त्यांनी इशारा दिला होता की, घटनेत न्याय, स्वातंत्र्य, समता यांसारखे मोघम शब्द कायद्याची कसोटी म्हणून घातले तर संसदेची सत्ता न कळत न्यायाधीशांकडे जाईल. न्यायालय हवे ते मुख्यतः अल्पमताच्या रक्षणासाठी. विशेष बहुमताची अट बहुमतवाल्यांना अल्पमताशी तडजोड करण्यास भाग पाडते आणि ती अट पाळली गेली की नाही हे पाहणारा कोणीतरी लागतो. लोकशाही म्हणजे तडजोड, हे त्यांच्या राजकीय विचाराचे सार होते.

पुढील घटनाक्रम वेगाने घडला. १९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी सरकारने ज्यू प्राध्यापकांना पदावरून दूर केले. केल्सन यांना आपल्या बडतर्फीची वार्ता वर्तमानपत्रातून समजली. कोलोनच्या विधी विभागातील सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी निवेदन दिले. त्यावर सही न करणारे एकमेव प्राध्यापक होते नव्यानेच रुजू झालेले कार्ल श्मिट. त्याच वसंतात ऑस्ट्रियात डॉलफस सरकारने संसद गुंडाळली आणि युद्धकालीन अधिकारांच्या १९१७ सालच्या कायद्याखाली आदेश काढून कारभार सुरू केला. त्या आदेशांना घटना न्यायालयात आव्हान मिळताच सरकारच्या बाजूच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले आणि मे १९३३ मधील एका आदेशाने न्यायालयाचे काम अशक्य करून टाकले. १९३० मध्ये सरकारच्या शिफारशीने बसविलेले न्यायाधीश १९३३ मध्ये सरकारच्या सोयीने उठले. 'राजकारणमुक्ती'चा अर्थ तेव्हा स्पष्ट झाला.

केल्सन जिनेव्हा, मध्ये काही काळ प्राग आणि १९४० मध्ये अमेरिका असे स्थलांतर करीत राहिले. प्रागमध्ये राष्ट्रवादी विद्यार्थ्यांनी त्यांची व्याख्याने उधळली. हार्वर्डमध्ये व्याख्याने देऊनही तेथे कायम जागा मिळाली नाही. अखेर बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते स्थिरावले, तेही विधी विभागात नव्हे तर राज्यशास्त्र विभागात. न्यायासनावर ते पुन्हा कधीच बसले नाहीत. १९ एप्रिल १९७३ रोजी कॅलिफोर्नियातच त्यांचे निधन झाले. त्यांनी घडविलेली संस्था मात्र पसरत गेली. जर्मनीत १९५१, इटलीत १९५६, नंतर स्पेन, पोर्तुगाल आणि १९८९ नंतर पूर्व युरोपातील देशांत घटना न्यायालये आली. जर्मनीत निम्मे न्यायाधीश एका सभागृहाने व निम्मे दुसऱ्याने निवडण्याची पद्धत आहे. ऑस्ट्रियाने १९२० मध्ये स्वीकारून १९२९ मध्ये टाकून दिलेल्या योजनेशी तिचे साम्य उघड आहे. कोन्राड हेसे, बोकेनफोर्ड, डीटर ग्रिम यांच्यासारखे विद्यापीठीय प्राध्यापक तेथे न्यायाधीश झाले व मुदत संपल्यावर आपल्या ग्रंथांकडे परतले.

भारतीय संदर्भ

भारतीय उपखंडात केल्सन यांचे नाव न्यायालयात गाजले ते एका दुर्दैवी प्रसंगी. १९५८ मध्ये पाकिस्तानात लष्करी कायदा पुकारून घटना रद्द करण्यात आली, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने डोसो खटल्यात यशस्वी क्रांती नव्या कायदाव्यवस्थेला जन्म देते या केल्सन यांच्या विचाराचा आधार घेऊन त्या कृतीला वैधतेचे लेणे चढविले. १९७२ मध्ये अस्मा जिलानी खटल्यात त्याच न्यायालयाने हा निर्णय चुकीचा ठरविला. केल्सन यांचा सिद्धान्त व्यवस्था कशी बदलते याचे वर्णन करतो. न्यायाधीशाने बंडखोराला प्रमाणपत्र द्यावे असे सांगत नाही. हा भेद पाकिस्तानच्या न्यायालयाने १९५८ मध्ये पुसून टाकला होता.

भारताने स्वतंत्र घटना न्यायालय स्वीकारले नाही. येथे उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय दोन्ही कायद्यांची घटनात्मकता तपासतात. परंतु विधिपंडिताला न्यायाधीश करण्याची वाट मात्र घटनाकारांनी जाणीवपूर्वक ठेवली. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत हरि विष्णू कामत यांच्या दुरुस्तीसूचनेवरून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी 'विख्यात विधिवेत्ता' ही तिसरी पात्रता जोडण्यात आली. हार्वर्डचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर यांना रूझवेल्ट यांनी थेट सर्वोच्च न्यायालयावर नेमल्याचा दाखला त्या चर्चेत दिला गेला. अनुच्छेद १२४ मधील ही तरतूद आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. उच्च न्यायालयांसाठी तशीच तरतूद ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये घातली गेली आणि ४४ व्या दुरुस्तीने काढून टाकली गेली. विधी महाविद्यालयात आयुष्यभर घटना शिकविणाऱ्या अध्यापकाचे ज्ञान न्यायासनापर्यंत पोहोचते ते त्याच्या विद्यार्थ्यांमार्फत वा ग्रंथांमार्फत, एवढेच.

या संदर्भात एका तारखेचा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. केल्सन यांच्या निधनानंतर पाचव्या दिवशी, २४ एप्रिल १९७३ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्याचा निर्णय दिला. रीतसर बहुमताने केलेली घटनादुरुस्तीही घटनेच्या मूलभूत संरचनेला धक्का लावत असेल तर ती टिकणार नाही, असा तो निर्णय होता. १९२९ मध्ये ऑस्ट्रियाच्या घटना न्यायालयाच्या सदस्यांना ज्या प्रकारच्या दुरुस्तीने घरी पाठविले गेले, तिला उत्तर देणारा विचार केल्सन यांच्या सिद्धान्तात नव्हता. त्यांच्या दृष्टीने दुरुस्तीची पद्धत पाळली गेली की प्रश्न संपला. ऑस्ट्रियाच्या घटनेत मात्र एक वाक्य आधीपासून होते : घटनेत संपूर्ण स्वरूपाचा बदल करायचा असेल तर जनमत घेतले पाहिजे. 'संपूर्ण बदल' म्हणजे काय आणि तो तपासायचा कोणी, हे दीर्घकाळ मोघम राहिले. १९२९ मध्ये जनमत घेतले गेले नाही आणि तसा प्रश्न न्यायालयापुढे आलाही नाही. युद्धोत्तर काळात पुन्हा उभ्या राहिलेल्या न्यायालयाने आपल्याला ही तपासणी करता येते असे १९५२ मध्ये म्हटले. २००१ मध्ये, सरकारी खरेदीविषयक एका कायद्यातील घटनात्मक दर्जाची तरतूद लोकांना न विचारता घटनेच्या पायाभूत तत्त्वांना बगल देते या कारणावरून, त्या न्यायालयाने ती प्रथमच रद्द केली.